एक मिनिट सोळा सेकंद

निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत माझ्या घरी नियमाने आलेला माणूस एकच, चन्नप्पा. नेकनूरच्या बसस्थानकासमोर त्यांचे नळ, पाइप आणि खिळ्यांचे दुकान आहे. माझ्या घरापासून चारशे वीस पावलांवर. दर रविवारी दुपारी चार वाजता दुकान भावाच्या हवाली करून ते येत, टेबलावर एखादी उघडी केलेली मोटार ठेवत आणि म्हणत, "बघा मास्तर, हिच्या पोटात काय दुखायलंय."

मी अविवाहित आहे. एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. माझे कोणाशी भांडण नाही आणि कोणाशी फारसे बोलणेही नाही. रविवारचे ते अडीच तास वजा केले, तर माझ्या आठवड्यात माणसाचा आवाज म्हणून दूधवाल्याची हाक तेवढी उरते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मोजमाप म्हणून सांगतो.

रिमोटच्या गाड्यांचा नाद मूळ त्यांचा. खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, बॅटरीवर चालणारी गाडी. चालवणाऱ्याने मचाणावर उभे राहायचे आणि हातातल्या रेडिओने ती खाली मैदानात पळवायची. जिल्ह्यात हे करणारी माणसे तेरा. त्यांची संघटना आम्ही दोघांनी काढली, नियमावली मी लिहिली, खाली दोघांनी सह्या केल्या. चन्नप्पा शर्यतीत उतरत आणि मी मुख्य पंच असे; कारण कोण जिंकतो यात मला रस नाही, असा माझा समज होता. शर्यतीपूर्वी ते गाडीच्या नाकाला भस्माचे बोट लावत. त्या भस्माचे वजन माझ्या तराजूवर नोंदले जात नाही, हे मी त्यांना एकदा दाखवले होते. "तराजू बदला," ते म्हणाले होते.

गेल्या जानेवारीत बीडच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचे सांगितले. समोरचे दिसते, कडेचे हळूहळू विझत जाते. ज्याला मचाणावरून सगळे मैदान एका नजरेत ठेवावे लागते, त्याच्यासाठी याचा अर्थ सरळ होता.

"हे शेवटचं साल, मास्तर," टेबलावरच्या गाडीचा स्क्रू शोधत ते म्हणाले. "कुनाला बोलू नका. लोक लई कीव करत्यात."

जिल्ह्याच्या अंतिम शर्यतीत ते सहा वेळा दुसरे आले होते. ढाल एकदाही मिळाली नव्हती. त्यांना ती ढाल हवी होती आणि मला रविवार हवा होता. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

यंदाची अंतिम शर्यत एप्रिलच्या शेवटी लिंबागणेशजवळच्या माळावर झाली. मुरूम दाबून केलेली धावपट्टी, एक फेरी दोनशे दहा मीटरची, शर्यत तीस मिनिटांची. वळणांवर सहा मार्शल उभे करावे लागतात. उलटलेली गाडी सरळ करणे एवढेच त्यांचे काम. पहिल्या वर्षी आम्ही कॉलेजचे विद्यार्थी उभे केले होते. त्यांची नजर मोबाइलवर असे आणि गाड्या उताण्या पडून चाके फिरवत राहत. त्यानंतर आम्ही धुळाजींना विचारले. ते मेंढपाळ; सोबत भाऊबंदांतले पाच जण आणतात. उन्हाळ्यात त्यांचा कळप त्याच भागातल्या शेतांत खतासाठी बसवलेला असतो. भर उन्हात सहा तास एका जागी उभे राहून हलत्या वस्तूवर लक्ष ठेवणे, ही पात्रता त्यांच्याइतकी जिल्ह्यात कोणाकडे नसेल.

काम समजावून सांगितल्यावर धुळाजी म्हणाले होते, "मेंढरू उताणं पडलं की आपल्या आपन उठत न्हाई, सर. पाय झाडीत झाडीत मरतं. ह्याचं बी तसंच की."

"तसंच," चन्नप्पा म्हणाले. "अन् पानी लागू देऊ नका, पाव्हनं. पोटात पानी गेलं की मेली म्हनून समजा."

"आमच्या देखत मरू देतो व्हय?"

या संभाषणाला मी हजर होतो. त्यात काही धोका आहे असे मला वाटले नाही.

आता दोन कलमे सांगणे भाग आहे. चौथे कलम असे: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे, मुख्य पंचाने भोंग्याचे बटण दाबून शर्यत थांबवावी. पाचवे असे: निम्म्याहून अधिक वेळ झाल्यावर शर्यत थांबली, तर थांबण्याच्या क्षणापर्यंत पूर्ण झालेल्या फेऱ्यांवर निकाल द्यावा, थांबण्याचा क्षण म्हणजे बटण दाबल्याचा क्षण. फेऱ्या मोजण्यासाठी मांडवासमोर पट्टीखाली एक तार पुरलेली असते. प्रत्येक गाडीत काडेपेटीपेक्षा लहान डबी असते. डबी तारेवरून गेली की संगणकात एक फेरी चढते. संगणकावर स्वप्नाली बसे. ती बँकेत नोकरी करते आणि आकड्यांशी तिचे वर्तन सभ्य आहे.

शर्यत तीन वाजता सुरू झाली. गाड्या पाच. दहाव्या मिनिटापासून प्रश्न दोघांचाच राहिला: चन्नप्पा आणि तलवाड्याच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका असलेली शिवकन्या. ती पुढे होती, पण चन्नप्पा दर फेरीला साधारण अर्धा सेकंद कापत होते. नऊ सेकंदांचे अंतर सहावर आले, मग पाचवर. मान इकडून तिकडे फिरवत ते गाडी हाकत होते. कडेचे दिसत नसलेला माणूस तसेच करतो. त्याचे कारण त्या माळावर फक्त मला माहीत होते.

पाटोद्याच्या बाजूने ढग चढला होता. सतरा मिनिटे एकावन्न सेकंदांनी शिवकन्येने तेहतिसावी फेरी पूर्ण केली. तिच्यामागे चार पूर्णांक एक सेकंदांनी चन्नप्पांनी. अठरा मिनिटे पाच सेकंदांना वीज चमकली. मी मोजू लागलो.

पाच मोजेपर्यंत वारा फिरला. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीला लागून पुढे पसरते आणि पावसाच्या आधी पोचते. यात गूढ काही नाही. पण तो गार झोत अंगावर येताच धुळाजींनी वळणावरून हाळी दिली, "उचला रे! आलं! उचला समदी!" आणि सहाही मेंढपाळ पट्टीत उतरले.

वळणावळणाला त्यांनी गाड्या अडवल्या. खांद्यावरची घोंगडी काढली, गाडी तिच्यात गुंडाळली, काखेत घेतली आणि चालू लागले. अवकाळी येताना मेंढपाळ आधी कोकरे उचलतो. मोठी जनावरे मागून येतात. एवढे सगळे अगदी शांतपणे, कोणीही न पळता झाले. हाळी दिली ती वेळ अठरा मिनिटे दहा सेकंद.

मी बटण दाबले नाही. माझी मोजणी चालू होती.

मचाणावर पाच माणसे हातात निरुपयोगी रेडिओ धरून माझ्याकडे पाहत होती. "मास्तर!" चन्नप्पा ओरडले. "दाबा की बटन! काहून हुभे ऱ्हायलात?"

पस्तिसाव्या सेकंदाला गडगडाट आला. पस्तीस म्हणजे तिसापेक्षा जास्त. चौथे कलम लागू होत नव्हते. पुढची वीज अठरा मिनिटे पंचावन्न सेकंदांना. मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. माझ्यासमोरून घोंगड्या चालल्या होत्या, त्यांतल्या एका घोंगडीत एक चाक अजून फिरत होते. एकोणतिसाव्या सेकंदाला गडगडाट आला. दोन सेकंदांनी मी बटण दाबले. एकोणीस मिनिटे सव्वीस सेकंद. मधला एक मिनिट सोळा सेकंद त्या माळावर शर्यत फक्त माझ्या घड्याळात चालू होती.

मग गारा आल्या.

मांडवाच्या पत्र्याखाली आम्ही पंचवीस-तीस माणसे दाटीने उभे राहिलो. बोलणे ऐकू येत नव्हते. चाळीस मिनिटांनी पाऊस थांबला, तेव्हा धावपट्टी राहिली नव्हती. मुरमावर बाजूच्या शेतातली काळी माती वाहून आली होती आणि तीत बूट रुतत होता. शर्यत पुन्हा घेण्याचा प्रश्न मिटला. पाचवे कलम उरले.

"सर, निकाल काढू?" स्वप्नालीने विचारले आणि संगणक माझ्याकडे वळवला.

चन्नप्पा: चौतीस फेऱ्या. शिवकन्या: तेहतीस.

शिवकन्येने आकडे माझ्या खांद्यावरून वाचले. "काका! तुम्ही पहिले!" तिने वाकून त्यांना नमस्कार केला. टाळ्या झाल्या. कोणी तरी म्हणाले, "अप्पा, आता पेढे." चन्नप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. अकरा वर्षांत त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी पडद्यावरचा शेवटचा आकडा पाहत होतो. चन्नप्पांची सरासरी फेरी बत्तीस पूर्णांक सहा सेकंदांची. चौतिसाव्या फेरीला सहासष्ट सेकंद लागले होते.

स्वप्नालीनेही तो आकडा पाहिला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या बटणाच्या आधीची नोंद आहे. नियमाने बरोबर आहे."

"हो."

"मग काढू ना?"

येथे मला थांबता आले असते. नियमाचा शब्द माझ्या मित्राच्या बाजूने होता, तो शब्द मीच लिहिलेला होता, आणि तक्रार करणारे कोणी नव्हते. मी मान हलवली असती तर कागद निघाला असता.

"धुळाजी," मी विचारले, "चन्नप्पांची गाडी कोणी उचलली?"

"म्या," धुळाजी अभिमानाने म्हणाले. "एक थेंब लागू दिला न्हाई."

"आणि कोणत्या वाटेने आणली?"

"हितून की. सरळ." त्यांनी मांडवासमोरच्या तारेकडे बोट दाखवले. "त्या बाईची गाडी आमच्या भावानं तिकडून, मेंढरांच्या वाड्याकडून नेली. तिकडं ताडपत्री व्हती."

माणसे तारेकडे पाहू लागली. ज्यांना कळले ते आधी, बाकीचे त्यांच्याकडे पाहून.

"ही फेरी नाही," मी म्हणालो. "यंत्राने डबी तारेवरून गेल्याचे नोंदवले. मोजली गेली ती धुळाजींची चाल."

चन्नप्पांनी माझ्याकडे पूर्ण मान वळवून पाहिले. "गाडीनं सोताच्या चाकावर तार वलांडावी, असं कुठं लिव्हलंय, मास्तर?"

"कुठेही नाही."

"थांबायचा क्षण म्हंजी बटनाचा क्षण. लिव्हलंय?"

"लिहिले आहे."

"कुनी?"

"मी."

"मग?"

"मग लिहिताना मी घोंगडीचा विचार केला नव्हता."

कोणी तरी हसले आणि लगेच थांबले. चन्नप्पा पुढे आले. "अजून निम्म्याच्या आसपास शर्यत राहिलती. दर फेरीला अर्धा सेकंद खात होतो मी. गणित तुमीच करा, तुमचा धंदा हाय."

मी ते आधीच केले होते. "नऊ फेऱ्यांत तुम्ही तिला गाठले असते. शक्यता बरीच आहे."

"तुमीच म्हनता!"

"पण ते भाकीत आहे. निकाल नाही."

"भाकीत!" ते धुळाजींकडे वळले. "ऐका पाव्हनं. जल्मभर ज्योतिषाला हसला ह्यो मानूस, अन् आता मलाच भाकीत सांगाय लागला." मग पुन्हा माझ्याकडे. "आन् तवा एवढा येळ तुमी काय करत होतात? आमी मचानावरून कोकलत होतो."

"मोजत होतो."

"काय मोजत होतात?"

"गडगडाट."

या वेळी बरेच जण हसले. चन्नप्पा हसले नाहीत.

धुळाजी अस्वस्थ झाले होते. "आमचं काय चुकलं का, सर? पानी आलं म्हनून उचलली. आधी इचारायला पायजे होतं का?"

"तुमचे काही चुकले नाही," मी म्हणालो, आणि हे खरे होते. त्यांना वाऱ्यावरून जे कळले, ते मला गडगडाटावरून सव्वा मिनिट उशिरा कळले. त्या माळावर त्या दिवशी वीज पडली नाही. त्यावरून ते चुकले असे सिद्ध होत नाही आणि माझे बरोबर होते असेही नाही.

शिवकन्या म्हणाली, "सर, मला खरंच नको ढाल. काकांनाच द्या. मी लिहून देते."

"ढाल देता येत नाही," मी म्हणालो. "ती मोजणीतून निघते."

"भीक घालू नको गं माय मला," चन्नप्पा तिला म्हणाले, पण मायेने. "उचल तुझी. चांगली चालीवलीस तू."

मी अहवाल लिहिला. शर्यत १८ मिनिटे १० सेकंदांनी थांबली. मुख्य पंचाच्या ते १९ मिनिटे २६ सेकंदांनी लक्षात आले. पहिल्या दोघांच्या पूर्ण फेऱ्या प्रत्येकी तेहतीस, शिवकन्या चार पूर्णांक एक सेकंदांनी प्रथम, चन्नप्पा द्वितीय. स्वप्नालीने सही केली. आपल्या सहीखाली तिने पेन जरा वेळ टेकवून ठेवले, जणू अजून काही लिहायचे असावे. पण तिने ते लिहिले नाही.

मी चन्नप्पांच्याच टेम्पोतून गेलो होतो. त्यांनी मला तेथे सोडले नाही. मागचे फळकूट लावले, माझी पिशवी आत ठेवली, दार उघडून धरले. नेकनूरपर्यंत रस्त्यावर गारांचा खच होता आणि कडुलिंबाच्या फांद्या पडलेल्या. डाव्या बाजूने आलेली एक मोटारसायकल त्यांना उशिरा दिसली. मी "डावीकडे" म्हणालो, त्यांनी ब्रेक दाबला. तेवढेच बोलणे झाले. घरासमोर त्यांनी पिशवी हातात दिली. "या," ते म्हणाले. तो शब्द आम्ही निरोपालाही वापरतो आणि बोलावण्यालाही, त्यामुळे त्यातून काही अनुमान काढता आले नाही.

पहिल्या रविवारी मी टेबल रिकामे करून ठेवले. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी ते आजारी आहेत का, हे पाहायला बसस्थानकाकडे गेलो. दुकान उघडे होते आणि ते एका गिऱ्हाइकाला नळाची चकती दाखवत होते. मी रस्त्याच्या पलीकडूनच परतलो. पाचव्या रविवारी चार वाजता झोपून पाहिले. झोप लागली नाही.

राग असता तर बरे झाले असते. रागाची कारणे मांडता येतात आणि खोडता येतात. पण स्वप्नालीने बँकेत सांगितले, "सर, काका तर सगळ्यांना सांगतात, मास्तरांनी बरोबरच केलं म्हणून. परवा एक जण तुम्हाला नावं ठेवत होता, तर त्याच्यावर खेकसले." तिनेच सांगितले की त्यांनी आपली गाडी, रेडिओसकट, शिवकन्येला देऊन टाकली. निकाल त्यांना मान्य होता. फक्त माझ्याकडे येण्यासाठी त्यांच्या हाती आता काही नव्हते, आणि बहुधा मनातही नव्हते.

नियमावलीत दुरुस्ती करणे आवश्यक होते. सहावे कलम: गाडी स्वतःच्या चाकांवर तारेवरून गेली तरच फेरी धरावी, आणि मार्शलने सुरक्षिततेसाठी शर्यत थांबवल्यास तोच थांबण्याचा क्षण मानावा. दुरुस्तीवर दोन्ही संस्थापकांच्या सह्या लागतात. कागद स्वप्नालीच्या हाती पाठवता आला असता. मी स्वतः घेऊन गेलो.

दुकानात गर्दी होती. मे संपत आला होता आणि पावसाआधी सगळ्या गावाची पाइपांची कामे निघाली होती. "या सर," चन्नप्पा म्हणाले. भावाने स्टूल पुढे केले. त्यांनी कागद डोळ्यांसमोर नेमका मध्यावर धरला, ओळीमागून ओळ मान सरकवत वाचला. पूर्वीपेक्षा त्यांना जास्त वेळ लागला.

"बरं झालं हे लिव्हलं," ते म्हणाले. "आता पुढच्याला तरास न्हाई. सही कुठं?"

मी बोट ठेवले. त्यांनी माझ्या बोटाच्या शेजारी सही केली.

"रविवारी—" मी म्हणालो.

"रविवारी आता दुकान उघडंच ठेवतो, सर. लोकांची कामं आसत्यात."

"मग दुसऱ्या एखाद्या वारी?"

"बघू की. च्या घेता?"

"नको," मी म्हणालो.

हे उत्तर मी का दिले, त्याचे कारण मला अजून सापडलेले नाही. त्यांनी मान डोलावली, कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि "हं, तुमचं काय हो?" असे विचारले. प्रश्न मला नव्हता. माझ्या मागे हातात तुटका कोपर-पाइप घेऊन एक जण उभा होता. मी बाजूला झालो.